आजोबांचं झालं, आईंचं झालं, आता माझी पाळी?

(नाशिकच्या सिडकोतून एका वाचक ताईंनी लिहिलेल्या लांबलचक पत्राचा हा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

वय २९, लग्नाला सात वर्षं. मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा, दोन्ही वेळा सिझेरियन. मिस्टर ३३ वर्षांचे, सातपूरला कारखान्यात नोकरी. निफाड तालुक्यात घरची द्राक्षबाग, त्यामुळे सुट्टीचा दिवस गावी जातो. दुसऱ्या सिझेरियनच्या टेबलावर ‘कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन पण करून टाकायचं का?’ अशी विचारणा झाली. बाहेरून मिस्टर आणि सासूबाई ‘हो, टाका करून’ म्हणाले, ताई ‘नको’ म्हणाल्या. तेव्हापासून घरात धुसफूस आहे. सासूबाईंचं म्हणणं, ‘मुलगी झाली, मुलगा झाला, आता कशाची वाट बघायची? माझं चोविसाव्या वर्षी शिबिरात झालं, आठवड्याभरात मी कांदे लावायला वाफ्यात उभी होते. आमचे संसार झाले नाहीत का?’ मिस्टरांनी नसबंदी करावी, हा विषय तर काढायचीच सोय नाही. आजेसासरे शाळामास्तर होते. १९७६ साली पगार अडकवून त्यांना शिबिरात नेलं, आणि गावानं त्यांची पुढे वीस वर्षं थट्टा केली. सध्या दोघं नुसतीच ‘काळजी घेतात’. पाच महिन्यांपूर्वी दिवस राहिले तेव्हा ताईंनी कुणाला न सांगता मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. आता मिस्टर जवळ आले की त्यांना धडकी भरते, आणि ‘तुला मी नकोसा झालोय’ असं ते म्हणतात. सासू-सासरे एका खोलीत झोपलेले ताईंनी कधी पाहिलेले नाहीत. ‘ऑपरेशन केलं की आमचंही तसंच होईल अशी भीती वाटते. आधीची माणसं ऑपरेशन करून मोकळी झाली आणि सुखानं राहिली. आम्हालाच का जमत नाही? चूक माझी आहे का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. टेबलावर ‘नको’ म्हणालात यात चूक काहीच नाही. ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया होणार त्याचीच संमती लागते, जोडीदाराची सही लागत नाही, असं नसबंदीबाबतच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कळा चालू असताना किंवा गुंगीत असताना ही संमती घ्यायची नाही, हेही त्यांत आहे. म्हणजे बाहेरून आलेल्या ‘टाका करून’ला कागदावर काडीची किंमत नव्हती. हा प्रश्न विचारायची जागा म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यातली तपासणी. तेव्हा दोघांनी बसून ठरवायचं आणि जे ठरेल ते केसपेपरवर लिहून घ्यायचं. आत्ता ज्या वाचकांना दिवस गेले आहेत त्यांनी एवढं जरूर करावं, म्हणजे बाळंतपणाच्या गडबडीत कुणी कुणाच्या वतीनं हो म्हणणार नाही.

आता मोठा प्रश्न. आधीची माणसं सुखानं राहिली, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ‘आमचे संसार झाले नाहीत का’ याचा अर्थ संसार मोडला नाही, इतकाच होतो. नवरा पीत नाही, हात उगारत नाही, पोरं जगली, शेत राहिलं, की सासूबाईंच्या काळी बाईनं स्वतःला नशीबवान म्हणायचं. तुम्हाला रात्री दोन शब्द बोलायला आपलं माणूस हवं आहे. दोघींचे पेपरच वेगळे, तर मार्क कसे ताडून बघणार?

पेपर बदलला कशामुळे, ते बघण्यासारखं आहे. १९५० च्या सुमारास आपल्या देशात बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा २.० वर आला. सहा बाळंतपणं म्हणजे लग्न झाल्यापासून पार पस्तिशी-चाळिशीपर्यंत बाई एकतर पोटुशी, नाहीतर अंगावर पाजणारी. नवरा-बायकोनं एकमेकांकडे निवांत बघावं असा काळ त्यात यायचाच नाही, आणि तशी कुणाची अपेक्षाही नसायची. तुमची दोन्ही बाळंतपणं तिशीच्या आत आटोपली. धाकटा शाळेत जायला लागला की पुढची चाळीस वर्षं तुम्ही दोघं एकमेकांसमोर आहात. ही मोकळी वर्षं तुम्हाला कुटुंब नियोजनानं दिली. त्या वर्षांचं करायचं काय, हे मात्र भिंतीवरच्या त्याच्या लाल त्रिकोणाच्या खुणेखाली कधी लिहिलेलं नव्हतं. सातारा जिल्हा परिषदेनं २००७ साली नवीन जोडप्यांसाठी ‘हनिमून पॅकेज’ काढलं होतं. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. नाव ऐकून हसू येतं खरं, पण निदान नावात तरी दोघं होते! बाकी सगळीकडे आकडे.

तेव्हा ‘आम्हालाच का जमत नाही’ हा प्रश्न थोडा सैल सोडा. जे आधीच्यांनी करून पाहिलंच नाही, ते तुम्ही करायला निघाला आहात.

दुसरं एक गृहीतक तुमच्या घरात सगळ्यांनीच धरलेलं दिसतं, की हे बायकांनीच करायचं असतं, तशी रीतच आहे. रीत म्हणावी इतकी ती जुनी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांच्या मांडणीत बाईचं आरोग्य आणि तिचं कामसुख मध्यभागी होतं. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला, आणि हळूहळू मध्यभागी आकडा येऊन बसला. साठच्या दशकात ऑपरेशनं जास्त व्हायची ती पुरुषांची. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. १९७७ मध्ये केंद्रातलं सरकार पडलं, खात्याच्या पाटीवर ‘कुटुंब नियोजन’ जाऊन ‘कुटुंब कल्याण’ आलं, आणि पुरुषांच्या वाटेला पुन्हा फारसं कुणी गेलं नाही. टार्गेट मात्र तसंच राहिलं. ते बायकांच्या पोटाकडे वळलं. तुमच्या पत्रावरून सासूबाईंचं ऑपरेशन १९९३ च्या आसपासचं दिसतं. नर्सबाईंना ‘इतक्या केसेस आणा’ म्हणून आकडे नेमून दिलेले असायचे, तो काळ. ती पद्धत अधिकृतपणे थांबली १९९६ मध्ये. तरी २०१९-२१ चे आकडे बघा: नसबंदी झालेल्या विवाहित बायका ३७.९ टक्के, पुरुष ०.३ टक्के.

म्हणजे आजेसासऱ्यांच्या अपमानाचं बिल सासूबाईंनी भरलं, आणि आता तीच पावती तुमच्या नावावर फाडायचं चाललं आहे. यात मिस्टर खलनायक नाहीत. नसबंदी म्हणजे गावानं आपल्या आजोबाला हसणं, एवढंच त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांच्या मनात शस्त्रक्रियेपेक्षा त्या हसण्याची भीती मोठी असणार.

सासू-सासऱ्यांच्या वेगळ्या खोल्यांचं म्हणाल, तर त्याचा ठपका ऑपरेशनवर ठेवायची घाई करू नका. नळ्या बांधल्यानं इच्छा मरत नाही. बीजकोश जागेवर असतात, संप्रेरकं (हार्मोन्स) रक्तात जात राहतात, पाळी येत राहते. पुन्हा दिवस जायची टांगती तलवार गेल्यामुळे कितीतरी बायकांना त्यानंतरच मोकळं वाटलं. वेगळं झोपण्याला गावाकडे दुसरी कारणं भरपूर असतात. घर लहान, पोरं मोठी झालेली, आणि सून आल्यावर सासू-सासरे एका खोलीत गेले तर चारचौघांत बरं दिसत नाही ही समजूत. त्यात एक गोष्ट मिळवा. मूल हवं की नको, कधी, कोणी काय करायचं, या विषयावर नवरा-बायकोला बोलावंच लागतं. शिबिराची तारीख नर्सबाईंनी ठरवली, होकार त्यांच्या सासूनं दिला असणार, आणि सासूबाईंच्या चोविसाव्या वर्षी हा विषय कायमचा मिटला. बोलायची वेळच आली नाही. तुम्हाला ज्या अंतराची भीती वाटते ते तिथून आलं असण्याचा संभव मला जास्त वाटतो.

म्हणून माझा सल्ला असा, की ऑपरेशन कोणाचं, हा वाद सहा महिने बाजूला ठेवा. आधी या महिन्यात भीती घालवा. धडकी भरलेली असताना कुणालाच शहाणपणानं बोलता येत नाही.

‘काळजी घेणं’ म्हणजे ऐन वेळी बाजूला होणं, हेच ना? वर्षभर फक्त त्याच्यावर विसंबणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वीसेक जणींना दिवस राहतात. तुमची भीती अगदी हिशेबातली आहे, ती मनाचा खेळ नाही, आणि हे मिस्टरांना याच आकड्यासकट सांगा. ‘तू नकोस’ आणि ‘पुन्हा तो प्रकार नको’ यांतला फरक त्यांना कुणी सांगितलेलाच नाही, कारण गोळ्यांचं त्यांना माहीतच नाही.

त्या गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलते. गर्भपाताच्या गोळ्या कायद्यानं नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात. दुकानातून परस्पर घेतल्या की तीन ठिकाणी घात होतो. आठवडे चुकीचे मोजले जातात, गर्भ नळीत असेल तर ते कळत नाही आणि नळी फुटून जिवावर बेततं, आणि अर्धवट राहिलं तर रक्तस्राव थांबत नाही. तुमची तर दोन सिझेरियन झालेली. पाळी आता नियमित असली तरी एकदा सोनोग्राफी करून घ्या आणि हिमोग्लोबिन तपासा. डॉक्टरांना खरं सांगा. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. साधन वापरूनही दिवस राहिले, हे कारण कायद्यात चालतं. पुन्हा वेळ आलीच, तर चोरून काही करायची गरज नाही.

आता साधनं. तुमच्यासारखीला पहिली सुचवावी ती तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी. ३८० ए ही तांबी दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. दिवस नाहीत याची खात्री असेल तर कधीही बसवता येते, पण पाळीच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत बसवणं सोयीचं पडतं. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही, ओटीपोटात कळ येते आणि जाते. सिझेरियन झालेलं असलं तरी अडत नाही. पहिले तीन महिने पाळी जास्त जाते आणि पोट दुखतं. बहुतेक जणी इथेच वैतागून काढून टाकतात, आणि ‘तांबी मला सोसली नाही’ हे वाक्य जन्माला येतं. म्हणून हिमोग्लोबिन आधी बघायचं, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या, आणि तीन महिने कळ काढायची. एक पाळी झाली की तपासणीला जायचं, कारण निसटायची असेल तर ती बहुधा सुरुवातीलाच निसटते. दर पाळीनंतर बोटानं दोरा लागतो का बघायचं. अंगावरून दुर्गंधीचं पाणी जात असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल, किंवा मधूनच रक्त जात असेल, तर आधी त्याचा उपचार, मग तांबी.

तांबी नकोच असेल तर ‘अंतरा’चं इंजेक्शन आहे, दर तीन महिन्यांनी एक. पाळी अनियमित होते, पुढे बंदही होते. त्यात अपाय नाही, पण हे आधी माहीत नसेल तर बाई दर महिन्याला दिवस राहिल्याच्या धास्तीत राहते, म्हणजे तुमचं दुखणं तिथेच. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. ‘छाया’ची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा. यात संप्रेरक नाही, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. वार चुकवणारीनं तिच्या नादी लागू नये. तांबी, अंतरा, छाया, निरोध, हे सगळं सिव्हिलमध्ये, महापालिकेच्या दवाखान्यांत आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

तांबी बसली की तुम्हाला निदान पाच वर्षं मिळाली. मुलगा सहा वर्षांचा होईल, तुम्ही चौतीस-पस्तिशीच्या. तोपर्यंत कायमचा निर्णय घेतलाच पाहिजे असं काही नाही. तिशीच्या आत केलेल्या नसबंदीचा पुढे पस्तावा होण्याचं प्रमाण जास्त आढळतं, हेही सासूबाईंना शांतपणे सांगण्यासारखं आहे.

आणि कायमचंच करायचं ठरलं तर? दोन्ही शस्त्रक्रिया शेजारी ठेवून बघा. तुमच्यात पोट उघडावं लागतं, मग छेद लहान का असेना. दोन सिझेरियननंतर आत आतडी किंवा मूत्राशय चिकटलेलं असू शकतं, त्यामुळे दुर्बिणीचं ऑपरेशन करताना डॉक्टरांना जास्त जपावं लागतं. मिस्टरांची बिनटाक्याची नसबंदी वरवरच्या कातडीत होते. बधिर करायचं इंजेक्शन, अंडकोशाच्या पिशवीला मधोमध एक बारीक भोक, दोन्ही बाजूंची वीर्यनळी त्यातून वर घ्यायची, छोटा तुकडा कापून टोकं बांधायची. टाका नाही. पंधरा-वीस मिनिटं. थोडा वेळ पडून राहायचं आणि घरी.

पथ्य मात्र पाळावं लागतं. दोन दिवस विश्रांती, घट्ट चड्डी किंवा लंगोट, जखम कोरडी. आठवडाभर भरलेलं क्रेट उचलायचं नाही, सायकल नाही, आणि सिडकोतून निफाडपर्यंत मोटारसायकलवर दणके खात जायचं नाही. बागेचं वेळापत्रक बघूनच तारीख घ्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन्हींच्या तोंडावर नको. माल निघायच्या दिवसांत तर नकोच. द्राक्षवाल्या घरांत ही साधी गोष्ट कुणी विचारात घेत नाही. मग माणूस तिसऱ्या दिवशी बागेत उतरतो, पिशवी सुजते, आणि ‘नसबंदीनं ताकद जाते’ ही बातमी गावभर होते.

ताकद जाण्याचं म्हणाल, तर पुरुषी संप्रेरक अंडकोशातून थेट रक्तात जातं, कापलेल्या नळीतून नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो, त्यामुळे वीर्य जवळपास तेवढंच राहतं. काहींना काही दिवस बोथट दुखतं, क्वचित रक्त साकळतं किंवा जंतुसंसर्ग होतो, अगदी थोड्यांचं दुखणं लांबतं. हेही सांगा, लपवू नका. पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची हमी नाही, म्हणून कायमची समजूनच करायची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढच्या टप्प्यावर. ऑपरेशन झालं की त्याच आठवड्यात मोकळीक मिळाली असं वाटतं. नळीच्या पुढच्या भागात शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिने निरोध वापरायचाच, नंतर वीर्याची तपासणी करायची, आणि त्यात शुक्रजंतू नाहीत असा निकाल आला की प्रमाणपत्र घ्यायचं. तपासणी टाळली, बायकोला दिवस राहिले, आणि मग बायकोच्या चारित्र्यावर बोट, असे संसार अक्षरशः या एका चुकलेल्या तपासणीवर नासतात. तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हे सगळं बोलायचं कसं, ते तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी अडचण तिथेच आहे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ‘चार्म’ नावाचा एक प्रयोग झाला होता. हजारावर जोडप्यांच्या त्या अभ्यासात गावातल्याच आरोग्यसेवकांनी नवऱ्यांशी, आणि एका बैठकीत दोघांशी मिळून, कुटुंब नियोजन आणि बायकोशी वागणूक या दोन्हींवर बोलायचं, एवढंच होतं. त्यानंतर जोडप्यांमधलं बोलणं वाढलं, साधनांचा वापर वाढला, आणि नवऱ्याकडून होणाऱ्या शरीरसंबंधाच्या जबरदस्तीच्या तक्रारी कमी झाल्या. म्हणजे पुरुष ऐकत नाहीत हे काही खरं नाही. त्यांच्याशी कुणी बोलतच नाही. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ‘गर्भनिरोध हा बायकांचा प्रांत’ असं म्हणणारे पुरुष साधारण ३५ टक्के निघाले. उलटून बघा, बाकीचे तसं म्हणत नाहीत.

रात्री अंथरुणावर हा विषय काढू नका. तिथे तो नकारासारखाच ऐकू येतो. सासूबाईंच्या देखत तर नाहीच. पहिल्या वेळी ऑपरेशनचं नावही घेऊ नका. आजोबांबद्दल विचारा. नेमकं काय झालं होतं, घरी कोण काय म्हणालं, यांना कितव्या वर्षी कळलं. ऐका आणि थांबा. दुसऱ्या वेळी गोळ्यांचं सांगा. ‘मला दिवस राहिले होते, मी घाबरून परस्पर गोळ्या घेतल्या, तेव्हापासून मला भीती वाटते. तुम्ही नकोसे झालेले नाहीत.’ एवढंच. ते चिडतील. न सांगता केलंत याचा राग त्यांना येऊ द्या, तो रास्त आहे. सफाई देत बसू नका. तिसऱ्या वेळी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा, आणि त्यांना दहा मिनिटं डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या. ताकदीचा प्रश्न कुठलाही पुरुष बायकोसमोर विचारत नाही.

सासूबाईंना घरातली शत्रू समजू नका. त्यांच्या लेखी ते ऑपरेशन म्हणजे सुटका होती, आणि तुम्हालाही ती मिळावी असंच त्यांच्या ‘करून टाक’मध्ये असणार. ‘आई, मी पाच वर्षांची सोय करून घेतली आहे, आता घोर नाही,’ एवढं सांगितलं की त्यांचं निम्मं टुमणं थांबेल. कधी दोघीच असाल, लसूण सोलत वगैरे, तर त्या शिबिराचं विचारा. गाडी कुठून निघाली होती, बरोबर कोण होतं, घरी तान्हं कुणाजवळ होतं. हा प्रश्न त्यांना तीस वर्षांत कुणी विचारलेला नसेल. उत्तराचा वापर पुढे वादात मात्र करू नका.

जाता जाता, दोन अपत्यांच्या नियमाचा धाक घालणारे घरोघरी असतात म्हणून सांगते. राज्य सरकारी नोकरीसाठी २८ मार्च २००६ नंतरचं, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य आड येतं. हे नियम मुलं मोजतात. ऑपरेशन झालं की नाही, ते कोणाचं, हे त्यांत कुठेही विचारलेलं नाही.

तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा नवरा निरोध मुद्दाम टाळत असेल, जबरदस्ती करत असेल किंवा हात उगारत असेल, तर वरचा बोलण्याचा सल्ला तिच्यासाठी नाही. तो कौटुंबिक हिंसाचार आहे, २००५ च्या कायद्यात लैंगिक छळही येतो. तिनं १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. तिच्यासाठी तांबी किंवा इंजेक्शन ही साधनं नवऱ्याला न कळवताही घेता येतात, आणि बसवताना दोरा थोडा आखूड कापायला सांगता येतो.

तुम्ही मात्र या पाळीला सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन करून घ्या, रिपोर्ट घेऊन तांबीची तारीख ठरवा. आणि येत्या सुट्टीच्या दिवशी गावी जाताना मुलांना थोडा वेळ आजीजवळ सोडून दोघं बागेत चक्कर मारायला जा. आजोबांचा विषय तिथे काढा, आणि त्या दिवशी तेवढाच पुरे.